तंजावरचे सरफोजी महाराज आणि फिडल

शिवछत्रपतींचे सावत्र बंधु व्यंकोजीराजे यांनीं कावेरीकांठीं तंजावर येथें मराठ्यांचें राज्य स्थापिलें, हें आमचे विद्यार्थी इतिहासांत वाचतातच. त्याच वंशांतील दुसरे सरफोजी यांचें चरित्र मात्र बहुधा त्यांच्या ग्रंथालयापुरतेंच सांगितलें जातें. त्यांच्या दरबारीं एक परकें तंतुवाद्य कसें रुजलें, ही हकीगत तितकीच मनोरंजक आहे.

सरफोजींचा जन्म इ. स. १७७७ सालीं भोसल्यांच्या एका शाखेंत झाला. १७८७ सालीं मरणोन्मुख तुळजाजीराजांनीं त्यांस दत्तक घेतलें व श्वार्ट्झ नांवाच्या जर्मन मिशनऱ्याच्या हवालीं केलें. तुळजाजींचा भाऊ अमरसिंग यानें दत्तक नाकारून गादी बळकाविली आणि बालकास जवळजवळ कोंडून ठेविलें. श्वार्ट्झनें सरकारदरबारीं खटपट करून १७९३ त मुलाला मद्रासेस नेवविलें. तेथें गेरिके या दुसऱ्या मिशनऱ्यापाशीं त्यांचें अध्ययन झालें. १७९८ च्या जूनमध्यें सरफोजी गादीवर बसले. परंतु तो दिवस पाहण्यास गुरु उरला नव्हता. चार महिन्यांपूर्वींच श्वार्ट्झ निवर्तला होता. महाराज अखेरपर्यंत हिंदुधर्मीच राहिले, तरी गुरूचें स्मारक म्हणून त्यांनीं विलायतेंतील प्रसिद्ध शिल्पकार फ्लॅक्समन याजकडून संगमरवरी शिल्प करवून तंजावरच्या चर्चमध्यें बसविलें.

पुढच्याच वर्षीं तहानें राज्यकारभार कंपनीकडे गेला आणि राजाकडे किल्ला व नेमणूक एवढेंच राहिलें. दुसरा एखादा असता तर ऐषआरामांत बुडाला असता. सरफोजींनीं सरस्वती महाल वाढविला, छापखाना काढिला, आणि पृथ्वीचा भूगोल एका कुरवंजीच्या तोंडून गाण्यांत सांगणारें देवेंद्र कुरवंजी हें मराठी नाटक रचिलें. वाड्यांत युरोपीय वाद्यांचा ताफाहि ठेविला व विलायतेहून स्वरलेखनाचीं पुस्तकें आणविलीं.

ही विद्या सोपी नव्हती. आमच्या संगीतांत एकच स्वरधारा वाहते. तिकडे अनेक वाद्यें एकाच वेळीं निरनिराळे स्वर धरतात, आणि कोणीं काय वाजवावें हें पांच रेघांवर लिहिलेलें असतें. आपल्या पिंपळनेरच्या डोंगरांत पावरी वाजविणाऱ्याचा मुलगा कागद पाहून शिकत नाहीं, बापाचीं बोटें पाहून शिकतो; दक्षिणेंतील शिष्यहि गुरूच्या तोंडूनच शिकत असे.

परंतु फिडलच्या अंगीं एक गुण होता. त्याच्या गळ्यावर वीणेसारखे पडदे नसतात. बोट तारेवरून सरकवितां येतें, म्हणजेच दाक्षिणात्य गायनाचा प्राण जें गमक, तें त्यावर निघूं शकतें. मग येथील वादकांनीं वाद्य तेंच ठेवून रीत बदलली. गोरा वादक उभा राहून तें हनुवटीखालीं धरतो. येथील वादक मांडी घालून बसतो व त्याचें टोंक उजव्या पावलावर टेकवितो. तिकडे प्रत्येक तार आधीच्या तारेहून पांच स्वर वर लावितात. इकडे चार तारा षड्ज, पंचम, पुन्हां षड्ज, पंचम अशा लावितात. या साध्या फेरफारानें परकें वाद्य आपलें राग गाऊं लागलें.

हें श्रेय एकट्या तंजावरचें नव्हे. मुत्तुस्वामी दीक्षितांचे धाकटे बंधु बालुस्वामी हे मद्रासेकडे एका युरोपीय शिक्षकापाशीं तीन वर्षें फिडल शिकले. तंजावर दरबारचे वराहप्पा दीक्षित पंडित यांचेंहि नांव परंपरा घेते. तिसरे वडिवेलु. चौघां तंजावर बंधूंपैकीं ते एक असून सरफोजींच्या दरबारीं वाढले. कित्येक पुस्तकांत ते श्वार्ट्झपाशीं फिडल शिकले असें छापलेलें आढळतें. पण वडिवेलूंचा जन्म १८१० चा धरतात, आणि श्वार्ट्झ तर त्याच्या बारा वर्षें आधींच वारला! गोष्ट गोड असली म्हणून सालें कोणी विसरूं नयेत.

सरफोजी महाराज ७ मार्च १८३२ रोजीं वारले. वडिवेलु पुढें त्रावणकोरास गेले, व १८३४ सालीं तेथील स्वाति तिरुनाल महाराजांनीं त्यांस हस्तिदंती फिडल बक्षीस दिलें. तंजावरचें राज्य १८५५ त खालसा झालें. परंतु सरफोजींनीं जमविलेलीं युरोपीय संगीताचीं पुस्तकें, मोडी कागदपत्रांप्रमाणेंच, सरस्वती महालांत अद्यापि जपून ठेविलेलीं आहेत.