तंजावरचे ग्रंथप्रेमी सरफोजीराजे

वडीलधाऱ्यांची पोथी आपल्यापैकी अनेकींच्या घरी असेल. लाल फडक्यात बांधून ती आपण देव्हाऱ्याशेजारी ठेवतो, सणावारी हळदकुंकू वाहतो. पण ती उघडून वाचणाऱ्या किती? ग्रंथ जतन करणे म्हणजे काय, हे ज्यांच्या चरित्रावरून शिकावे असे एक मराठी राजे दूर तमिळ देशात होऊन गेले. ते म्हणजे तंजावरचे दुसरे सरफोजीराजे भोसले.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरास मराठी राज्य स्थापिले. त्याच घराण्यातील तुळजाराजांनी 1787 साली दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले. पण तुळजाराजे वारताच दत्तविधान अमान्य ठरवून अमरसिंहांनी गादी घेतली. पोरक्या सरफोजींचा सांभाळ श्वार्ट्झ नावाच्या एका वृद्ध जर्मन मिशनऱ्याने केला आणि त्यांना मद्रासेस शिकावयास पाठविले. तेथे त्यांना विद्येची जी गोडी लागली, ती जन्मभर सुटली नाही.

1798 मध्ये सरफोजी गादीवर बसले खरे, पण पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्यकारभार इंग्रजांच्या कंपनीकडे गेला. राजांकडे उरला केवळ किल्ला, आसपासचा थोडा मुलूख व सालिना तनखा. अशा स्थितीत दुसरा कोणी ऐषारामात बुडून गेला असता. सरफोजींनी मात्र तोच पैसा ग्रंथांत घातला.

नायक राजांच्या काळापासून वाड्यात चालत आलेला पोथ्यांचा संग्रह त्यांनी कितीतरी पटींनी वाढविला. 1820 च्या सुमारास ते मोठ्या लवाजम्यानिशी काशीयात्रेस गेले, आणि येताना गंगोदकाबरोबर पोथ्यांचे भांडारही घेऊन आले. युरोपातूनही त्यांनी हजारो पुस्तके मागविली. वैद्यक, शरीरशास्त्र, चित्रकला, कोश असा एकही विषय त्यांनी वर्ज्य मानला नाही. यांतील कित्येक पुस्तकांवर राजांची इंग्रजी सही आजही पाहावयास मिळते. पुस्तक आले की नुसते कपाटात गेले, असे होत नसे. वैद्यकाचा अभ्यास करून त्यांनी धन्वंतरी महाल चालविला, नेत्ररोग्यांवर झालेल्या उपचारांच्या नोंदी ठेवविल्या. 1805 साली देवनागरी छापखाना काढला व त्यावर इसापनीतीचे मराठी भाषांतर छापविले. मुक्तांबाबाईंच्या नावाने ओरत्तनाडू येथे बांधलेल्या छत्रात यात्रेकरूंना अन्न मिळे आणि मुलांना विद्याही मिळे.

1832 साली राजे निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे 1855 मध्ये पुत्राविना वारले, तेव्हा कंपनीने राज्य खालसा करून खाजगी मालमत्तेवरही हात टाकला. राणी कामाक्षीबाईसाहेब स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांनी कंपनीविरुद्ध दावा लावला. तो थेट विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि 1859 मध्ये त्यांच्याविरुद्ध निकाल लागला. राज्य गेले, वैभव गेले. ग्रंथ मात्र वाड्यातच राहिले. बर्नेल नावाच्या इंग्रज विद्वानाने तेथील संस्कृत पोथ्यांची सूची केली. ती 1880 साली प्रसिद्ध झाली आणि या ठेव्याची कीर्ती दूरवर पसरली. 1918 साली हा संग्रह सर्व लोकांसाठी खुला झाला. तेच आजचे सरस्वती महाल ग्रंथालय. तेथे चाळीस हजारांहून अधिक हस्तलिखिते असून त्यांत मोडी व मराठी लेखनही विपुल आहे.

ताडपत्रांना कसर लागू नये म्हणून तेथे वेखंड, लवंग, मिरी, दालचिनी व कापूर यांच्या पुरचुंड्या ठेवण्याची जुनी रीत आहे. ही सामग्री आपणा प्रत्येकीच्या फडताळात असते! तेव्हा घरातील जुन्या पोथीला कोरडी, हवेशीर जागा द्यावी, मधूनमधून ती उघडावी आणि मुलाबाळांना वाचून दाखवावी. सरफोजीराजांचे ग्रंथ उरले ते जपल्यामुळे. पण त्यांचे चीज झाले, ते लोकांना वाचावयास मिळाल्यामुळे.