बसलेली बॅटरी आणि तिचा जनक : गॅस्टन प्लांटे

भाईंदर पूर्व : जेसल पार्कच्या चौपाटीवर उभं राहिलं की समोर वसईची खाडी. शहराच्या पश्चिम टोकाला, दर्याच्या बाजूला उत्तन, चौक, पाली ही मच्छीमारांची गावं. १ जूनपासून मासेमारी बंद झाली की बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात, ताडपत्रीखाली झाकल्या जातात. बॅटऱ्या मात्र बहुतेक वेळा आत तशाच पडून राहतात. नारळी पौर्णिमेच्या सुमारास नाखवा स्टार्टर मारतो, तर नुसतीच टकटक. बॅटरी बसली! आता नवी घ्यायची की हीच उठवायची? भंगारवाला तर जुनी न्यायला टपूनच असतो.

ही शिशाची बॅटरी जगाला दिली ती गॅस्टन प्लांटे या फ्रेंच माणसाने. त्याचा जन्म २२ एप्रिल १८३४ चा, फ्रान्सच्या दक्षिणेतल्या ऑर्थेझ गावचा. विशीत असतानाच तो पॅरिसच्या एका नामांकित तंत्रसंस्थेत पदार्थविज्ञानाचा सहायक म्हणून लागला. डोळा मोठा चौकस. १८५५ मध्ये पॅरिसजवळच्या म्यूदोन इथे त्याला एका प्रचंड, न उडणाऱ्या प्राचीन पक्ष्याची हाडं सापडली. त्या पक्ष्याला त्याच्याच नावावरून गॅस्टॉर्निस हे नाव मिळालं.

पण त्याचं खरं वेड विजेचं. त्या काळच्या बॅटऱ्या एकदा संपल्या की संपल्या, त्यातला माल बदलावा लागे. १८५९ मध्ये प्लांटेने शिशाचे दोन पत्रे घेतले, एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये पट्ट्या घातल्या, त्यांची गुंडाळी केली आणि ती पातळ गंधकाम्लात बुडवली. वीज आत सोडली की साठते, हवी तेव्हा परत मिळते! आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू होऊन तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. पुढच्याच वर्षी, १८६० मध्ये, त्याने ही बॅटरी फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली.

अडचण एकच होती. नवे, गुळगुळीत पत्रे फार थोडी वीज धरत. प्लांटेने घाई केली नाही. चार्ज करायचं, रिकामं करायचं, थोडा आराम द्यायचा, पुन्हा चार्ज करायचं, असं त्याने महिनोन् महिने केलं. हळूहळू पत्र्यांचा पृष्ठभाग सच्छिद्र झाला आणि ताकद वाढत गेली. डायनॅमो अजून बाजारात नव्हते, त्यामुळे चार्जिंगसाठीही दुसऱ्या, संपणाऱ्या बॅटऱ्याच वापराव्या लागत. म्हणून वीस वर्षं हा शोध प्रयोगशाळेबाहेर फारसा पडला नाही. डायनॅमो आले, १८८१ मध्ये कामिल फोर या दुसऱ्या फ्रेंच माणसाने पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप द्यायची युक्ती काढली, आणि मग बॅटरी कारखान्यात गेली. २१ मे १८८९ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी प्लांटे गेला. तोही म्यूदोनमध्येच, जिथे त्याला तो पक्षी सापडला होता.

आता आपल्या बोटीकडे येऊ. बॅटरी रिकामी होते तेव्हा तिच्या प्लेटांवर शिशाचं सल्फेट जमतं. लगेच चार्ज केली तर ते विरघळून जातं. दोन महिने तशीच पडली तर त्याचे कडक खडे होतात आणि जड ऍसिड तळाला बसतं. यावर उपाय म्हणजे इक्वलायझेशन चार्जिंग. बॅटरी आधी पूर्ण चार्ज करायची, मग १२ व्होल्टच्या बॅटरीला कमी करंटवर साधारण १५ ते १६ व्होल्ट काही तास द्यायचे. बुडबुडे उठतात, ऍसिड ढवळलं जातं, बराचसा सल्फेट सुटतो. दर तासाला हायड्रोमीटरने सहाही सेल मोजायचे. आकडा वाढायचा थांबला की काम झालं. प्लांटेचा हेतू वेगळा होता, तो नव्या पत्र्यांना तयार करत होता. पण धीर धरून चार्ज करत राहायचं, हा धडा त्याचाच.

मात्र हे काम जपून करा. या बुडबुड्यांत हायड्रोजन असतो. बोटीच्या बंद इंजिनखोलीत तो साचला आणि कुणी बिडी पेटवली तर स्फोट होईल. बॅटरी बाहेर काढा, मोकळ्या हवेत ठेवा, चष्मा आणि हातमोजे घाला. बॅटरी जागेवरच ठेवावी लागली तर वायरलेस, जीपीएस, फिश फायंडरच्या वायरी आधी सोडवा. चार्जिंगआधी प्लेटा पाण्याखाली आहेत ना ते बघा, पूर्ण पातळी चार्जिंग झाल्यावर भरा, तीही डिस्टिल्ड वॉटरनेच. वरून ऍसिड ओतू नका. हाताला चटका बसण्याइतकी तापली तर लगेच थांबवा. सीलबंद किंवा जेल बॅटरीला हा प्रयोग करू नका. आणि एखादा सेल आतून शॉर्ट झाला असेल तर ती बॅटरी उठत नाही, ती भंगारातच द्या.

सगळ्यात सोपा उपाय बंदीच्या आधीचा. बोट वर ओढायच्या दिवशीच बॅटरी काढून घरी आणा आणि महिन्यातून एकदा चार्जिंगला लावा. शहापूर, मुरबाडला शेतघरात पडून असलेल्या इन्व्हर्टरच्या आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीलाही हाच नियम. मग ऐन हंगामात टकटक ऐकायची वेळ येणार नाही.