पडलेल्याला दिलेला हात

शर्यत कोणी जिंकली हे आपण लक्षात ठेवतो; वाटेत पडलेल्याला कोणी उठविले, हे सहसा विसरतो. म्हणून फिनलंडचे धावपटू पावो नुर्मी यांची हकीकत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

नुर्मींचा जन्म १३ जून १८९७ रोजी तुर्कू शहरी झाला. वडील सुतार होते. १९१० साली ते वारले. पावोंनी शाळा सोडली व एका बेकरीत हरकाम्याची नोकरी धरली. मालाची जड गाडी चढावर ढकलता ढकलता त्यांचे पाय बळकट झाले. १९१२ साली त्यांच्याच देशाच्या हानेस कोलेहमाइनेन यांनी स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके जिंकली, आणि या पोराच्या मनाने धावण्याचा ध्यास घेतला.

१९२० साली अँटवर्प येथे त्यांना तीन सुवर्णपदके मिळाली, १९२४ साली पॅरिस येथे पाच. पॅरिसला तर १५०० व ५००० मीटरच्या दोन्ही शर्यती त्यांनी दोन तासांच्या आत जिंकल्या. हातातील घड्याळ पाहत ते धावत. बोलणे थोडके, हसणे त्याहून थोडके.

१९२८ साली ॲम्स्टरडॅम येथे अडथळ्यांच्या शर्यतीच्या प्राथमिक फेरीत हा अजिंक्य माणूस पाण्याच्या खड्ड्यात पडला. लुसियें द्युकेन हा फ्रेंच धावपटू थांबला व त्याने त्यांना हात देऊन उठविले. मग नुर्मी त्याच्या पुढे राहून त्याला वेग देत, इतरांना मागे टाकीत घेऊन गेले. शेवटी त्यांनी त्याला पहिला क्रमांक देऊ केला. त्याने तो घेतला नाही. घड्याळाने वेळ मोजणाऱ्या माणसाने उपकार मात्र मोजून फेडले नाहीत.

१९३२ साली लॉस एंजेलिस येथे मॅरेथॉन धावण्याची त्यांची इच्छा होती. पण प्रवासखर्चापोटी जादा पैसे घेतल्याचा ठपका ठेवून अधिकाऱ्यांनी त्यांना ऐनवेळी दूर ठेविले. मॅरेथॉनच्या इतर स्पर्धकांनी त्यांच्यासाठी अर्ज केला, तो व्यर्थ गेला. ही सल त्यांच्या मनातून गेली नाही.

वीस वर्षांनी, १९५२ साली, हेलसिंकीच्या मैदानात ऑलिंपिकची मशाल घेऊन पंचावन्न वर्षांचे नुर्मी धावत आले. तेव्हा निरनिराळ्या देशांचे खेळाडू रांगा मोडून त्यांना पाहावयास धावले. २ ऑक्टोबर १९७३ रोजी त्यांचे देहावसान झाले. नऊ सुवर्ण व तीन रौप्यपदके त्यांच्या नावावर आहेत. आम्हांस मात्र त्या पाण्याच्या खड्ड्यापाशी पुढे झालेला हात अधिक आठवतो.