डॉक्टर जॉन स्नो

हल्लीं पडद्यावर खेळावयाचे असे खेळ निघाले आहेत कीं, ज्यांत खेळणारानें गुप्त पोलिसाप्रमाणें एखाद्या आळींत घरोघर हिंडून, पुरावा गोळा करून, तेथील गूढ उकलावयाचें असतें. लंडनच्या सोहो भागांत १८५४ सालीं एका डॉक्टरानें हा शोध खरोखरीच केला. आणि त्यांतील गुन्हेगार कोणी मनुष्य नव्हता.

जॉन स्नो यांचा जन्म १८१३ सालीं यॉर्क शहरीं एका मजुराच्या घरीं झाला. चौदाव्या वर्षीं ते न्यूकॅसल येथें एका डॉक्टराच्या हाताखालीं उमेदवारीस राहिले, व तेथेंच त्यांनीं कोळशाच्या खाणींतील मजुरांत पटकीचा कहर पाहिला. पुढें लंडनांत क्लोरोफॉर्म देण्याच्या कामीं ते इतके निष्णात झाले कीं, १८५३ सालीं राणी व्हिक्टोरिया यांच्या प्रसूतिसमयीं त्यांनाच बोलावणें आलें. एवढा लौकिक दुसऱ्या कोणास पुरला असता.

पटकी दुर्गंधीनें पसरते, असें त्या काळचे बहुतेक विद्वान् मानीत. ती पाण्यावाटे पोटांत जाते, हें स्नो यांचें मत १८४९ पासून छापलेलें होतें. पण तें फारसें कोणास पटलें नव्हतें. ३१ ऑगस्ट १८५४ रोजीं सोहोंत साथीचा भडका उडाला आणि दहा दिवसांत पांचशेंहून अधिक माणसें दगावलीं. लोक घरें सोडून पळूं लागले, तेव्हां स्नो उलट त्याच गल्ल्यांत शिरले. मेलेलीं माणसें पाणी कोठचें पीत, एवढेंच ते दारोदार विचारीत. बहुतेक उत्तरें ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाशीं येऊन थांबत.

परंतु त्यांच्या बुद्धीची खरी चुणूक दिसते ती अपवादांत. पंपाजवळच्याच बिअरच्या कारखान्यांत सत्तरांवर कामगार असून एकही दगावला नाहीं. ते बिअर पीत, व कारखान्याची विहीरही निराळी होती. (यांतून कोणीं भलताच अर्थ काढूं नये, स्नो हे तरुणपणापासून मद्यपाननिषेधाचे पुरस्कर्ते होते.) उलट साथीचा मागमूसही नसलेल्या दूरच्या हॅम्पस्टेडमध्यें एक विधवा बाई पटकीनें वारली. ती पूर्वीं ब्रॉड स्ट्रीटला राहत असे, आणि तेथील पाण्याची चव आवडे म्हणून तें रोज गाडीनें आणवीत असे!

हा पुरावा पाहून ८ सप्टेंबर रोजीं स्थानिक पंचांनीं पंपाचा दांडा काढविला. साथ तोंपर्यंत ओसरूं लागली होती, हें स्नो यांनीं स्वतःच प्रांजलपणें नमूद केलें. त्यामुळें विरोधकांना शंका घेण्यास जागा राहिली. तेथील तरुण पाळक रे. हेन्री व्हाइटहेड हे त्यांतलेच. स्नो यांचें म्हणणें खोडून काढावें म्हणून ते आपल्या मंडळींत घरोघर फिरले, आणि साथीचें मूळ त्यांनाच सांपडलें. पंपालगतच्या घरांतील पांच महिन्यांची मुलगी आजारी पडली होती. तिचे कपडे धुतलेलें पाणी घरच्या मैलाकुंडांत ओतलें जाई, व तें कुंड विहिरीपासून अवघ्या तीन फुटांच्या आंत असून पाझरत होतें.

सरकारी आरोग्यमंडळानें तरीही हें मानलें नाहीं. १८५८ सालीं, वयाच्या ४५ व्या वर्षीं, स्नो वारले. १८६६ सालीं पूर्व लंडनांत पुन्हां पटकी आली, तेव्हां मात्र पाणी उकळून प्यावें, असे जाहीरनामे लागले. व्हाइटहेड यांनीं आपल्या अभ्यासाच्या खोलींत स्नो यांची तसबीर लावून ठेविली होती.