मलिक अंबर

मुलांनो, कल्याणहून कसाऱ्याच्या लोकलमध्ये बसलात, की आसनगावच्या आसपास खिडकीतून उंच सुळक्यांचा एक डोंगर दिसतो. तो माहुलीचा किल्ला. अहमदनगरची निजामशाही १६३६ साली याच किल्ल्यावर संपली. खरे तर ती १६०० सालीच संपायची. ती पुढे टिकली, ती एका माणसामुळे.

त्याचे मूळ नाव चापू. सुमारे १५४८ साली तो हबशांच्या देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात जन्मला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. एका मालकाकडून दुसऱ्याकडे, असा तो बगदादला पोहोचला. तिथल्या मालकाने त्याला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. मराठीत अंबर म्हणजे आकाश. पण हे नाव अरबी आहे, सुगंधी अंबराचे. ते तुम्हाला ठाऊक असेलच.

पुढे अहमदनगरचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. गंमत पाहा, हा चंगेजखानही हबशी होता आणि पूर्वी गुलामच होता! तो वारल्यावर अंबर मोकळा झाला. त्याने बीबी करीमाशी लग्न केले. त्यांच्या एका मुलाचे नाव फतेहखान आणि दुसऱ्याचे चंगेजखान. जुन्या धन्याचेच नाव घरात आले.

काही वर्षे अंबर विजापूरकरांकडे होता. मलिक हा किताब त्याला तिथेच मिळाला. तो अहमदनगरच्या चाकरीत परतला आणि १६०० साली मुघलांनी अहमदनगरचा किल्ला जिंकला. सगळे संपले असे लोकांना वाटले. अंबरने मात्र निजामशाही घराण्यातील मुर्तजाला गादीवर बसवले, त्याला आपली मुलगी दिली आणि स्वतः पेशवा झाला. विकल्या गेलेल्या मुलाची लेक आता सुलतानाची बेगम होती.

त्याच्या फौजेत हबशी होते, तसे मराठेही होते. समोरासमोर न लढता अचानक छापा घालायचा, रसद तोडायची आणि डोंगरात निघून जायचे, ही त्यांची रीत. १६२४ साली भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. बादशाह जहांगीरने तर अंबरच्या तोडलेल्या डोक्यावर आपण बाण मारत आहोत, असे चित्र काढून घेतले. प्रत्यक्षात ते डोके त्याच्या हाती कधीच लागले नाही.

लढाया चालू असतानाच अंबरने जमिनीचा कस पाहून सारा ठरवला. १६१० साली खडकी हे शहर वसवले. जमिनीखालून नहर काढून तिथे डोंगराकडचे पाणी आणले. त्या खडकीचे पुढे फतेहनगर, मग औरंगाबाद झाले. आज ते छत्रपती संभाजीनगर आहे.

१६२६ साली मलिक अंबर वारला. खुलताबादला त्याची कबर आहे, बीबी करीमाचीही तिथेच आहे.

फतेहखान पेशवा झाला, पण त्याचे आणि सुलतानाचे पटले नाही. सुलतानाने त्याला कैदेत टाकले. सुटल्यावर त्याने सुलतानाला ठार मारवले आणि एका लहान मुलाला गादीवर बसवले. १६३३ साली त्याने दौलताबादचा किल्ला मुघलांना देऊन टाकला. ज्यांच्याशी बाप जन्मभर लढला, त्यांच्याकडून मुलाने तनखा घेतला.

शहाजीराजांनी मग निजामशाही घराण्यातलाच दुसरा एक मुलगा गादीवर बसवून तीन वर्षे झुंज दिली. शेवटी ते माहुलीवर आले. मुघल आणि विजापूरकर यांच्या फौजांपुढे त्यांचा निभाव लागला नाही. तो छोटा सुलतान त्यांना मुघलांच्या हवाली करावा लागला.