परदेशच्या विद्यापीठात डॉ. आंबेडकर

कामानिमित्त मुंबईस गेलेल्या आपल्या मंडळींपैकी काहींनी दादरच्या हिंदू कॉलनीतील 'राजगृह' पाहिले असेल. हे घर डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांनी 1930 नंतर लवकरच बांधविले, ते मुख्यतः आपल्या ग्रंथांस जागा व्हावी म्हणून. एवढे ग्रंथ जमविणारा हा पुरुष विद्यार्थिदशेत परदेशी कसा रुळला, हे आज सांगावयाचे आहे.

साताऱ्याच्या शाळेत तो घरून आणलेल्या गोणपाटावर इतरांपासून दूर बसे, आणि शिपायाने वरून पाणी ओतले तरच त्याची तहान भागे. मुंबईच्या हायस्कुलात संस्कृत शिकू देईनात, म्हणून फारशी घ्यावी लागली. पुढे 1913 साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन त्यांस न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले.

तेथील वसतिगृहाचे अन्न मानवेना, तेव्हा त्यांनी बिऱ्हाड बदलले. पुढे नवल भथेना नामक पारशी विद्यार्थ्याबरोबर ते राहिले, व तो स्नेह जन्मभर टिकला. परंतु अन्नाची सवय होते. कठीण ती शिकण्याची नवी रीत. मुंबईस नेमलेली पुस्तके वाचावी आणि परीक्षा द्यावी, इतकेच असे. कोलंबियात विषय बहुतांशी ज्याचे त्याने निवडावयाचे, आणि काही वर्गांत तर स्वतः निबंध लिहून गुरूंसमोर वाचावयाचा व त्यांच्या प्रश्नांस उत्तरे द्यावयाची. आम्ही सेमिनरीत नवे असता गुरुजींनी आमचे मत विचारले, तेव्हा आमची मान खाली गेली होती. मग ज्यास वर्गात सर्वांबरोबर बसण्याचीही मोकळीक नव्हती, त्याचे काय झाले असेल?

भीमरावांनी अर्थशास्त्राचे 29 व इतिहासाचे 11 अभ्यासक्रम घेतले. शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान होतेच. 1915 साली ते एम्. ए. झाले. 9 मे 1916 रोजी प्राध्यापक गोल्डनवायझर ह्यांच्या वर्गात त्यांनी निबंध वाचला. विषय होता भारतातील जातींची उत्पत्ती!

त्यानंतर लंडनला गेले, परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 साली परतावे लागले. बडोद्यास नोकरी मिळाली, पण जातीमुळे राहावयास घर मिळेना. 1920 साली पगारातील शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य व भथेनांचे कर्ज घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तेथे रीत आणखी निराळी: सारा भार प्रबंधावर. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवसभर बसून त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. सरकारच्या चलननीतीवरील टीका कडक होती. परीक्षकांनी तो पुन्हा लिहावयास सांगितला. जवळचा पैसा सरला होता. एप्रिल 1923 मध्ये ते मुंबईस परळच्या चाळीत आले, निष्कर्ष न बदलता प्रबंध नव्याने लिहून धाडला, आणि त्याच वर्षी डी. एस्सी. पदवी मिळाली. ग्रंथ छापून निघाला तेव्हा गुरू एडविन कॅनन ह्यांनी त्यास प्रस्तावना लिहिली, आणि शिष्याची पुष्कळशी टीका आपणांस मान्य नाही, हेही तीतच नमूद केले.