कॉफी, पण कपातली नव्हे

आपल्या वारूळवाडी-नारायणगाव भागाला द्राक्षं नवी नाहीत. पूर्वी इथली वाइनरी बघायला बाहेरगावचे पाहुणे यायचे. पण वाइनचं काम किण्वनावर भागतं, व्हिस्कीला पुढे ऊर्ध्वपातन लागतं, म्हणजे केमिकलवाल्यांचं डिस्टिलेशन. जपानमध्ये सेंदाईजवळ मियागिक्यो डिस्टिलरी आहे. तिथे पर्यटक जातात आणि 'कॉफी स्टिल' हे नाव ऐकून चक्रावतात. हे नाव पेयाचं नाही, एनियस कॉफी या माणसाचं आहे.

कॉफीचा जन्म १७८० चा. आयर्लंडच्या अबकारी खात्यात नोकरी, आणि काम चोरून दारू गाळणाऱ्यांना पकडायचं. १८१० मध्ये डोनेगल भागात लोकांनी त्याला इतकं मारलं की डोकं फुटलं, वर संगिनीचे वारही झाले. तरी पठ्ठ्याने नोकरी सोडली नाही. १८१८ मध्ये तो खात्याचा मुख्य निरीक्षक झाला. कर मोजता मोजता त्याने भट्ट्याही नीट बघून ठेवल्या. १८२४ मध्ये राजीनामा देऊन तो स्वतः या धंद्यात उतरला.

तेव्हा तांब्याचं भांडं भरा, उकळा, रिकामं करा, धुवा, पुन्हा भरा, असा प्रकार होता. कॉफीने १८३० मध्ये दोन उंच कॉलमचं पेटंट घेतलं. पहिल्यात आंबवलेलं द्रावण वरून खाली येतं, वाफ खालून वर चढते आणि अल्कोहोल घेऊन जाते. दुसऱ्यात ही वाफ थंड होते. थंड कशाने? आत येणाऱ्या नव्या द्रावणाच्या नळीने! द्रावण फुकटात तापतं, इंधन वाचतं, काम थांबत नाही. सलग चालणारे कॉलम त्याच्या आधीही होते, पण हा जास्त चांगला चालला.

गंमत म्हणजे डब्लिनच्या मोठ्या कारखानदारांनी तो नाकारला. चव जाते, ही त्यांची तक्रार अगदीच खोटी नव्हती. स्कॉटलंडवाल्यांनी मात्र ही हलकी दारू जुन्या पद्धतीच्या व्हिस्कीत मिसळून स्वस्त ब्लेंड केले आणि बाजार मारला. विसाव्या शतकात आयर्लंडच्या बहुतेक डिस्टिलऱ्या बंद पडल्या. अमेरिकेतली दारूबंदी वगैरे इतर कारणंही होती, पण घरचं यंत्र परक्यांनी वापरलं हे खरंच.

आपल्या साखर कारखान्यांत मळीपासून अल्कोहोल काढणारे कॉलमही याच तत्त्वावर चालतात. पेट्रोलमधलं काही इथेनॉल तिथून येतं. इंडस्ट्रियल व्हिजिटला गेलात तर नुसते फोटो काढू नका. गार द्रावण कुठून आत येतं आणि कुठे तापतं, तेवढं ऑपरेटरकाकांना जरूर विचारा.